‘हाव, घेतो’ म्हणणाऱ्या बाबांची शुगर

नागपूरला राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. बाबा ७४ वर्षांचे, आईसोबत यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी राहतात, सहा एकर वावर अजून स्वतः पाहतात. शुगर १५ वर्षांपासून. काही गोळ्या तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांच्या, काही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या. गेल्या महिन्यात ‘तीन महिन्यांची’ तपासणी ९.२ आली. डॉक्टर चिडले, ‘ऐकायचंच नसेल तर येता कशाला’ म्हणाले आणि एक गोळी वाढवून दिली. तेव्हापासून बाबा दवाखान्याची पायरी चढायला तयार नाहीत. भाऊ रोज फोनवर त्यांना बोलतो. ताईंचा प्रश्न असा, की बाबा डॉक्टरांचं ऐकत का नाहीत, आणि त्यांना नागपूरला आणून मोठ्या डॉक्टरांना दाखवावं का?

ताई, नागपूरचं नंतर बघू. आधी आज रात्री आईला फोन लावा आणि एवढंच विचारा, की वाढवलेली गोळी बाबा घेतात का, आणि आधीच्या गोळ्यांपैकी खरोखर कोणत्या पोटात जातात. बाबांना विचारू नका, ते ‘हाव, घेतो’ म्हणतील. आईला विचारा, आणि आवाज चौकशीचा नको. घाई का करतो आहे ते सांगतो.

मी वीसहून जास्त वर्षं वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांत डॉक्टरकी केली. आधी आरोग्य केंद्रात, आता स्वतःचा छोटा दवाखाना आहे. केंद्रात असताना एक आजी यायच्या. कापूस वेचायला जाणाऱ्या, सत्तरीच्या आसपास. शुगर २८०, पुढच्या महिन्यात ३००, त्याच्या पुढे पुन्हा तेवढीच. मी दर वेळी विचारायचो, ‘आजी, गोळ्या घेता ना?’ आजी म्हणायच्या, ‘हाव जी.’ मग मी गोळी वाढवायचो आणि वर दोन शब्द सुनवायचो. असं तीनदा झालं. दिवाळीला आजींची मुलगी माहेरी आली. कोनाड्यात न संपलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा पाहून तिनं आईला रागावून चिठ्ठीवर होत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी पहाटे आजी उठेचनात. अंग घामानं ओलं, तोंडातून बडबड. ऑटोत टाकून आणलं तेव्हा शुगर ३८ होती. ग्लुकोज शिरेतून गेल्यावर डोळे उघडले. दुपारी मी खाटेजवळ जाऊन बसलो तेव्हा कळलं, की आजी एक दिवसाआड एक गोळी घेत होत्या. गोळ्या संपल्या की पुन्हा यावं लागतं, आलं की दिवसाची मजुरी बुडते, म्हणून पुरवून पुरवून. ‘तुमी वरडता न सायेब, मंग म्या हाव म्हनून देल्लं.’

मी लिहिलेला डोस चुकीचा नव्हता. तो ज्या आजींसाठी लिहिला, त्या आजी मात्र कधी अस्तित्वातच नव्हत्या. रोज गोळ्या घेऊनही शुगर ३०० राहणारी बाई माझ्या केस पेपरवर होती, आणि तिच्या वाटचं औषध या बाईच्या पोटात गेलं.

तुमच्या घरी आत्ता नेमकी तीच मांडणी तयार आहे. ९.२ पाहून गोळी वाढली. बाबा आधीच्या गोळ्या पूर्ण घेत होते की नाही, हे कोणालाच माहीत नाही. भाऊ रोज बोलतो आहे. उद्या बाबा चिडून म्हणतील ‘घ्या बुवा, घेतो सगळ्या’, आणि त्याच दिवशी जेवण कमी होईल किंवा वावरात काम जास्त पडेल. शुगर कमी करणाऱ्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आणि जुनी ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसात जास्त वेळ अंगात रेंगाळतात, मूत्रपिंड थकलेलं असेल तर आणखीच. म्हणून आईला हेही आजच सांगून ठेवा. बाबा अचानक घामाघूम झाले, हात थरथरले, किंवा नुसतेच विचित्र बोलायला लागले, झोकांड्या गेल्या, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. म्हाताऱ्यांत घाम-थरथर कधी कधी दिसतच नाही, फक्त भ्रमिष्टासारखं वागणं दिसतं आणि घरचे समजतात की वयानं झालं. १५ मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा साखर, बरं वाटलं की भाकर. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन. आणि साखर देऊन बरे झाले तरी त्या दिवशी दवाखान्यात दाखवायचंच. या गोळ्यांमुळे खाली गेलेली शुगर काही तासांनी परत खाली जाते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. बाबा ऐकत का नाहीत? ताई, माझ्या मते ते ऐकतात. सांगत नाहीत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही डॉक्टर मंडळी पहिलीच्या मागे लागून दुसरी बिघडवतो.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला टेबलासमोर उभं राहायची सवय आयुष्यभराची आहे. तलाठी, बँक, सोसायटी, पीक विम्याचा माणूस. टेबलापलीकडच्यानं विचारलं की ज्या उत्तरानं काम लवकर उरकतं ते उत्तर द्यायचं, हे तो अनुभवातून शिकलेला असतो. दवाखान्यातही टेबल आहेच. त्यावर शुगरचा कागद पडला, की भेटीची पेशी होते. कागद पुरावा, डॉक्टर न्यायाधीश, आणि सोबत आलेला मुलगा सरकारी साक्षीदार: ‘साहेब, काल लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या यांनी!’ आरोपीनं काय करावं? मान खाली घालावी, ‘हाव जी’ म्हणावं आणि सुटावं. पुढच्या तारखेला जमलं तर येऊच नये.

डॉक्टरनं रागावूच नये, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे कित्येक म्हातारे रागावणाऱ्या डॉक्टरलाच धरून असतात. ‘वरडते, पन आपला हाय’, ‘त्याच्या हाताला गुण हाय’ असं म्हणतात. तो डॉक्टर रागावतो, पण नाडी धरतो, पाय बघतो, बैल कसा आहे विचारतो. रागावणं चालतं ते तिथं, जिथं खरं सांगितल्यावर माणूस लहान होत नाही. आकड्यावर चिडणं वेगळं. आकडा म्हाताऱ्याच्या हातात नसतो. त्याच्या हातात गोळी असते, भाकर असते, चालणं असतं, आणि त्यातलंही अर्धंच, कारण भाकर सून थापते आणि मजुरी पाऊस ठरवतो.

मी त्या आजींनंतर एक वाक्य बदललं. ‘गोळ्या घेता ना?’ विचारणं बंद केलं. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. आता विचारतो, ‘आठवड्यातून किती दिवस राहून जाते?’ राहून जाते हे मीच गृहीत धरलं, की समोरच्याला कबूल करायला काही उरत नाही, तो फक्त आकडा सांगतो. ‘दोनेक दिस जाते सायेब, बाजाराच्या दिशी तं जातेच.’ असंच ‘समजलं का?’ हेही सोडलं. कान कमी ऐकतात, बाहेर रांग आहे, मागून कोणीतरी ढकलतं आहे, अशा वेळी कोण म्हणेल की समजलं नाही? त्याऐवजी म्हणतो, ‘आजोबा, घरी गेल्यावर म्हातारीला काय सांगाल, ही गोळी कधी घ्यायची?’ निम्म्या वेळा जे ऐकायला मिळतं त्यानं घाम फुटतो.

तुमचे डॉक्टर असं विचारत नसतील. सकाळपासून शंभरावर पेशंट पाहणाऱ्याकडे एका माणसाला दोन-तीन मिनिटं येतात, हे मी स्वतः भोगलं आहे. म्हणून काही काम तुम्हाला घरून करून न्यावं लागेल. एक कापडी पिशवी घ्या आणि घरात बाबांच्या नावावर जे जे आहे ते सगळं तिच्यात घाला. खाजगी डॉक्टरांच्या गोळ्या, सरकारी गोळ्या, बीपीच्या, मेथीची आणि जांभळाच्या बियांची पूड, शेजाऱ्यानं दिलेला कारल्याचा काढा, गुडघ्याची पुडी. ही पिशवी कोणत्याही चिठ्ठीपेक्षा जास्त बोलते.

पिशवीत बहुतेक दोन गोष्टी सापडतात. पहिली, एकच औषध दोन रंगांत. खाजगी दुकानातल्या एका गोळीत दोन औषधं मिसळलेली असतात, आणि आरोग्य केंद्रातून त्यातलंच एक वेगळं मिळतं. नावं वेगळी, रंग वेगळा. म्हाताऱ्या माणसानं औषध नावानं कधी ओळखलेलंच नसतं. ‘पांढरी मोठी’, ‘पिवळी बारीक’, ‘जेवणाआधीची’ अशी त्याची यादी असते. सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि त्याच्या दृष्टीनं ती नवी गोळी होते. मग जुनीही चालू राहते. दोन दवाखान्यांच्या गोळ्या घेणाऱ्याला हा धोका कायम आहे, आणि तुमच्या बाबांचं तेच चालू आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ती गुडघ्याची पुडी. हिच्याबद्दल थोडं लांबण लावतो, कारण मी हिच्यामुळे फार फसलो आहे. गुडघे दुखतात, वावरात तर जायचंच असतं, मग कुणीतरी सांगतं की अमक्या गावी एक जण पुडी देतो, दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. पळतो खरा. अशा बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं दुखणं थांबतं, भूक लागते, अंगात जोर येतो आणि शुगर वर जाते. त्यात वेदनाशामक असेल तर मूत्रपिंडाला मार बसतो तो वेगळाच. इकडे मी शुगरची गोळी वाढवतो आहे, तिकडे पुडी शुगर वाढवते आहे. एक दिवस पुडीवाला गावाला जातो, पुडी संपते, आणि वाढवलेल्या गोळीपुढे अडवायला काही उरत नाही. एकदम शुगर खाली! शिवाय महिनोन् महिने घेतलेलं स्टेरॉइड झटक्यात बंद करणंही धोक्याचं, ते डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी करावं लागतं. म्हणून पुडी सापडली तर फेकून देऊ नका आणि बाबांवर तुटूनही पडू नका. डॉक्टरांसमोर ठेवा. बाबांनी ती लपवली, कारण गुडघ्याचं दुखणं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं असेल तेव्हा ‘वय झालं आता’ असं उत्तर मिळालं असेल. त्यांच्या लेखी शुगर हा कागदावरचा आजार आहे. दुखतात ते गुडघे. ज्याचं दुखणं कोणी ऐकलं नाही, तो न दुखणाऱ्या आजारासाठी रोज तीनदा गोळ्या का घेईल?

आता त्या ९.२ बद्दल. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींवर चिकटलेल्या साखरेची असते. पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ती अडीच-तीन महिन्यांचा अंदाज देते. पण पेशीच लवकर मरत असतील, तर अंदाज चुकतो. आपल्या विदर्भात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे, आणि ज्यांना सिकलसेलचा आजार आहे त्यांच्यात हा आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतो. उलट अंगात लोह कमी असल्यानं रक्त कमी झालं असेल, तर तो थोडा जास्तही येतो. तेव्हा हिमोग्लोबिन किती आहे, घरात कोणाला सिकलसेल आहे का, हे डॉक्टरांना सांगा. बोटाला टोचून केलेल्या काही दिवसांच्या तपासण्या याच्याशी ताडून पाहाव्यात. मी एकट्या ९.२ वर गोळी वाढवली नसती. आधी दोन आठवडे आहेत त्याच गोळ्या नीट घ्यायला लावून मग बघितलं असतं. अर्थात लघवीला फार होत असेल, वजन उतरत असेल, तहान भागत नसेल, तर गोष्ट वेगळी.

आणि ही तपासणी किती असावी? तिशीतल्या माणसाचं माप ७४ वर्षांच्या माणसाला लावायचं नसतं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनाही तेच म्हणतात. वय झालेला पण धडधाकट, डोकं ठिकाणावर, दुसरे मोठे आजार नाहीत, अशा माणसाला ७ ते ७.५ च्या खाली. हृदय, मूत्रपिंड, लकवा असे तीन-चार आजार सोबत असतील तर ८ च्या खाली चालतं. आणि फार खंगलेला असेल तर आकड्याच्या मागे न लागता शुगर एकदम खाली जाऊ नये आणि लघवी-तहान वाढण्याइतकी वरही राहू नये, एवढंच पाहायचं. म्हणून बाबांसाठी डॉक्टरांकडून एक साधी गोष्ट ठरवून आणा: ‘आमच्या बाबांची किती असली म्हणजे तुम्ही खूश?’ हे कोणी विचारत नाही. शर्यत कुठं संपते ते माहीत नसताना म्हातारा पळत राहतो, आणि दर महिन्याला नापास होतो.

रक्त तपासायला ‘उपाशी या’ हे आणखी एक. आमच्या दृष्टीनं त्याचा अर्थ सरळ आहे. बाबांच्या दृष्टीनं, सकाळची गोळी सकाळी घ्यायची असते, ती घेतली. जेवायचं नाही, तेही पाळलं. एसटी साडेदहाला पोचली, रांग लागली, रक्त काढायला बारा वाजले. गोळी पोटात आणि अन्न नाही. दवाखान्याच्या ओट्यावर चक्कर येऊन पडलेले असे म्हातारे मी मोजायचे सोडले. रक्त देईपर्यंत शुगरची गोळी घ्यायची नाही, गोळी आणि भाकर दोन्ही रुमालात बांधून सोबत न्यायची, रक्त दिलं की तिथंच खायचं. यापेक्षा सोपं, गावाजवळच्या उपकेंद्रात सकाळी बोटाला टोचून पाहायचं. अनेक उपकेंद्रं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झाली आहेत, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी बसतात आणि शुगर-बीपी तपासणं हे त्यांचं ठरलेलं काम आहे.

काही गोष्टी बाबा आपणहून कधीच बोलणार नाहीत, त्या तुम्ही माहीत करून घ्या. रब्बीत रात्रीची लाईन असली की ओलितासाठी ते रात्री वावरात जातात का? रोही-रानडुकरांसाठी जागलीला जातात का? जात असतील तर रात्रीच्या गोळीचं गणित पूर्ण वेगळं होतं, आणि खिशात गूळ-साखरेची पुडी आणि सोबत माणूस हवाच. अंधारात धुऱ्यावर शुगर खाली गेली तर कोण बघणार? एकादशी, शिवरात्र कडक पाळतात का? पाळत असतील तर उपास सोडायला लावण्याच्या फंदात पडू नका, नुसतं डॉक्टरांना आधी सांगा, त्या दिवसाच्या गोळ्या कमी-जास्त करता येतात. गजानन महाराजांच्या पालखीसोबत पायी शेगावला निघायचं मनात आहे का? चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, असं कधी बोलून गेले का? हे वाक्य मी ऐकलं की लगेच पाय तपासतो, कारण बधिर पायात पऱ्हाटीचा खुंट घुसला तरी दुखत नाही, आणि न दुखणारी जखमच पुढे पाय घालवते. रोज रात्री आईनं तळपाय पाहायचे, बोटांच्या फटींसकट. म्हातारपणी नवऱ्याचे पाय हातात घ्यायला आई लाजेल, तेव्हा तेल लावायच्या निमित्तानं पाहायचे.

लाजेवरून आठवलं. अलीकडे शुगर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या बऱ्याच दिल्या जातात. डापाग्लिफ्लोझिन त्यातलीच. औषध चांगलं आहे, हृदय-मूत्रपिंडाला फायद्याचं. पण त्यानं काहींना लघवीच्या जागी खाज, जळजळ सुरू होते. एक काकू चार महिने ते सोसत होत्या. पुरुष डॉक्टरला सांगणार कशा? त्यांनी गोळी परस्पर बंद केली, आणि केस पेपरवर ‘सूचना पाळत नाहीत’ असा शेरा पडला. आमच्या सिस्टरनं बाजूला नेऊन विचारलं तेव्हा पाच मिनिटांत उलगडलं. बायांच्या बाबतीत माझा तेव्हापासून नियम आहे, एकदा तरी सिस्टरशी एकटं बोलू द्यायचं, सुनेलाही बाहेर बसवून. आणि बसायला खुर्ची द्यायची. मजुरीला जाणाऱ्या कितीतरी आज्या डॉक्टरसमोर बसतच नाहीत, ‘राहू द्या जी’ म्हणून उभ्याच राहतात. उभा माणूस निघायच्या तयारीत असतो, तो काय सांगणार?

ही लघवीवाटेची गोळी आणि मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) यांबद्दल एक सूचना आईला पाठ करून द्या. उलट्या-जुलाब लागले, जेवण बंद झालं, ऊन लागलं, तर या दोन्ही त्या दिवशी थांबवून डॉक्टरांना फोन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे दर वर्षी घडतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र विचारल्याशिवाय इन्सुलिन बंद करायचं नाही. बाबांना अजून इन्सुलिन नाही, पण कधी सांगितलं तर ‘सुई लागली म्हणजे संपलं’ म्हणून घर रडायला लागेल, तेव्हा एवढं लक्षात असू द्या की गोळ्या पुरेनात की सुई येते, तो काही शेवटचा टप्पा नव्हे. फ्रिज नसला तर सुरू असलेली बाटली माठाशेजारच्या ओल्या गारव्यात, पाणी आत जाणार नाही अशा डब्यात टिकते. सिरिंज मात्र नीट पाहून घ्यायची. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपणाची, १०० युनिटच्या औषधाला केशरी टोपणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट इकडचा तिकडे होतो.

डोळ्यांचं विचारलं तर बाबा म्हणतील, ‘दाखवले न, शिबिरात ऑपरेशन झालं.’ ते मोतीबिंदूचं. शुगरसाठी पडदा तपासणं वेगळं, ते वर्षातून एकदा. त्याच्यासोबत मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं.

मग नागपूर? एकदा जरूर आणा. पडदा, मूत्रपिंड, हृदय, पाय, सगळं दोन दिवसांत बघून घ्या आणि सगळ्या गोळ्यांची एकच चिठ्ठी करून घ्या. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही यवतमाळहून जवळ पडतं, १९६९ मध्ये तिथं सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालय गावखेड्यासाठीच काढलेलं आहे. पण बाबांची शुगर नागपूरहून सांभाळली जाणार नाही. दर महिन्याला तिथं यायचं म्हटलं तर तिसऱ्या महिन्यात सोयाबीनची सोंगणी निघेल आणि सगळं सुटेल. महिन्याला चेहरा पाहणारा माणूस जवळचाच लागतो. दोन दवाखाने असले तरी चालवणारा एकच ठेवा. तालुक्याचे डॉक्टर असोत की आरोग्य केंद्राचे, दुसऱ्याकडे फक्त तीच चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या घ्यायच्या. आरोग्य केंद्रातले डॉक्टर बदलून जातात, ही खरी अडचण आहे. नवीन आलेला दर वेळी पहिल्यापासून विचारतो आणि बाबा दर वेळी पहिल्यापासून ‘हाव’ म्हणतात. त्याला उपाय म्हणजे शंभर पानी वही. तारीख, शुगर, बीपी, गोळ्या, आणि डॉक्टर काय म्हणाले ते. वही माणसासोबत राहते, डॉक्टर गेला तरी. आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर बहुधा त्याच गावच्या असतात, त्यांचा फोन नंबर तुमच्याकडे असू द्या. बाबा आज ओट्यावर बसले होते की नाही, हे तुम्हाला नागपुरात त्याच सांगू शकतील.

पैशाचंही बघून घ्या, कारण बाबा ते तोंडानं म्हणणार नाहीत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. एसटीत बाबांना आत्ता अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाली की तिकीटच नाही. आईला अर्धं. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा, पण ते भरती झाल्यावरचं आहे. महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. त्या बाहेरूनच घ्यायच्या झाल्या तर जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात.

राहिले ते डॉक्टर आणि तुमचा भाऊ. डॉक्टर लगेच बदलू नका. तुम्ही स्वतः एकदा बाबांसोबत जा. दारातच डॉक्टरांच्या वागण्याचा विषय काढलात, तर बाबा दोघांच्या मध्ये सापडतील. पिशवी टेबलावर ठेवा आणि म्हणा, ‘डॉक्टर, गोळ्या मधे मधे राहून जात होत्या, आम्हालाच माहीत नव्हतं. घरात हे एवढं सापडलं. आता कोणत्या ठेवायच्या ते तुम्ही सांगा.’ हे वाक्य बाबांनी म्हणायचं नाही, तुम्ही म्हणायचं. दोष घरानं अंगावर घेतला, की डॉक्टरचा राग कुठं उतरायचा तो उतरतो. मी टेबलाच्या त्या बाजूला होतो, मला माहीत आहे. त्यानंतर मात्र गप्प बसा. डॉक्टरांनी विचारलं की तुम्ही उत्तर देऊ नका, बाबांना देऊ द्या. चुकीचं दिलं तरी तिथं खोडू नका, बाहेर आल्यावर बोला. इतकं करूनही त्यांनी पुन्हा ‘येता कशाला’ म्हटलं तर बदला. मग माझी हरकत नाही.

भावाला सांगा, फोनवर शुगर किती हे विचारायचं महिनाभर बंद. कापूस किती निघाला, हे विचारायचं. बाबांची ९.२ त्यालाही टोचते, कारण लांब राहून तो बोलण्याशिवाय दुसरं काही करू शकत नाही, हे मला कळतं. त्याला एक काम द्या. चांगलं ग्लुकोमीटर आणि दोन डब्या पट्ट्या त्यानं पाठवाव्यात, आणि आईला व्हिडिओ कॉलवर वापरायला शिकवावं.

बाजाराच्या दिवशी जाऊ नका, रांग मोठी असते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा. आज रात्री आईनं सांगितलं की वाढवलेली गोळी सुरू झाली आहे आणि बाबांना घाम-चक्कर होते आहे, तर मात्र त्या दिवसाचीही वाट पाहू नका, तालुक्याच्या डॉक्टरांना आजच फोन करा.